द्राक्षबागायतदार घरातून वायनरीत गेलेली कुटुंबं नक्की गेली कशी?

कादवाकाठची

नमस्कार मंडळी. आमचं घर दिंडोरी तालुक्यात, अकरा एकर बाग, बहुतेक थॉमसन आणि थोडी सोनाका, दोन्ही खायच्या द्राक्षाच्या जाती. आजोबांपासून द्राक्षच. धाकटा भाऊ बीएस्सी ॲग्री करून घरी आलाय आणि गेल्या हंगामापासून त्याच्या डोक्यात एकच विषय आहे, आपण छोटी वायनरी टाकू. दोन एकरात वाइनची द्राक्षं लावू, बाकी बाग आहे तशी ठेवू, आणि एक्स्पोर्टमधून जो माल रिजेक्ट होतो त्याचंही काहीतरी करू असं त्याचं म्हणणं. अण्णा (आमचे वडील) सरळ नाही म्हणत नाहीत पण हो पण म्हणत नाहीत. तात्या म्हणतात व्यापारी पैसे बुडवतो तेवढं दुखणं पुरे आहे, अजून एक कशाला. आणि आजी माळकरी आहे, तिच्यासमोर तर विषयच काढलेला नाही.

बागेचा आणि घरचा हिशेब मी बघते म्हणून शेवटी सगळे माझ्याकडे बघतात. मला प्रोजेक्ट रिपोर्ट नकोय, ते कन्सल्टंट लोक रंगीत छापून देतात. मला हे ऐकायचंय की आपल्याकडे किंवा बाहेर ज्या घरांनी वायनरी काढली ती लोकं या धंद्यात आली कशी, आधी काय करत होती, घरात कोण काय बघायचं, आणि टिकली ती का टिकली. जवळून बघितलेलं कोणी असेल तर प्लीज सविस्तर लिहा, लांब झालं तरी चालेल, मी सगळं वाचणार आहे.

विंचूरवाला

ताई, मी वायनरीवाला नाही, वायनरीला माल देणारा शेतकरी आहे. म्हणजे त्या धंद्याच्या उंबऱ्याबाहेर वीसेक वर्षं उभा असलेला माणूस, तर तिथून जे दिसलं ते सांगतो.

२००१ ला राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, एक्साइज माफ, विंचूरला एमआयडीसीचा वाइन पार्क, तिकडे सांगलीत पलूसला दुसरा. त्यानंतरची पाच-सहा वर्षं आमच्याकडे नुसती लाट होती. गावोगाव वायनरीची माणसं फिरायची, करार करायची, किलोचा भाव आधीच ठरलेला, शिराझ लावा, कॅबरने लावा, या वाइनच्या जाती. द्राक्षवाल्याला आधी ठरलेला भाव म्हणजे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको, आपल्याकडे तर गाडी भरून गेल्यावर सुद्धा भाव तुटतो. वर या बागेला जीएचं डिपिंग (मणी फुगवायला घड संजीवकात बुडवणं) नाही, थिनिंग (मणी विरळ करणं) नाही, मजूर कमी. मी पण शिराझ लावली.

मग २००८ च्या शेवटी मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, परदेशी पाहुणे बंद, त्यात जगभर मंदी. वाइन जास्त करून खपायची तीच मुळी मुंबई-पुणे-गोव्याच्या हॉटेलात. टाक्या भरलेल्या राहिल्या आणि पुढच्या हंगामात आमचा माल तयार झाला तेव्हा वायनरीवाले फोन उचलेनात. आता इथे नीट लक्ष द्या ताई, कारण तुमच्या भावाला हे कोणीतरी सांगितलंच पाहिजे. थॉमसनचा भाव पडला तर लोकल मार्केट आहे, तेही नाही तर बेदाणा आहे. वाइनचं द्राक्ष मणी बारीक, साल जाड, आत बिया, ते बाजारात कोणी खात नाही आणि त्याचा बेदाणा पण होत नाही. त्याला जगात एकच गिऱ्हाईक आहे, वायनरी. आमच्या शिवारात कितीतरी जणांनी त्या दोन-तीन वर्षांत बागा तोडल्या, मी पण तोडली. माझी बाकी अजून एका वायनरीकडे आहे, ती वायनरीच आता नाही तर मागायची कोणाकडे.

आता तुमच्या प्रश्नावर येतो. त्या लाटेत आमच्या भागात बागायतदारांनीच चार-पाच जणांत मिळून वायनऱ्या काढल्या होत्या. सगळे एकाहून एक द्राक्षवाले, बागेत त्यांच्या हाताला तोड नाही. टाक्या आणल्या, प्रेस (द्राक्ष दाबून रस काढायचं यंत्र) आणला, वाइन पण बनवली, आणि ती वाइन वाईट नव्हती हे मी पिऊन सांगतोय. पण त्या पाचांत विकणारा एकही नव्हता. मुंबईच्या हॉटेलात जाऊन कोण बसणार, दुसऱ्या राज्यात परवाना कोण काढणार, हे कोणाचं कामच नव्हतं. सगळ्यांना वाटलं चांगला माल केला की व्यापारी दारात येतो, कारण आपली सवयच तशी आहे, व्यापारी बागेत येतो, घड बघतो, भाव करतो. वाइनला बागेत येणारा व्यापारी नाही. बहुतेक बंद पडल्या.

मी आता पुन्हा एका वायनरीला थोडी शेनिन ब्लां (व्हाइट वाइनची जात) देतो, पैसे वेळेवर मिळतात, सांगायचं म्हणजे सगळं वाईटच आहे असं नाही.

तळघर

विंचूरवाल्या दादांनी मुळावर बोट ठेवलंय. मी नाशिकमध्येच एका वायनरीत सेलरला, म्हणजे वाइन बनते-साठवतात तिथे, काम करतो (नाव नाही सांगत), आधी पुण्याला व्हीएसआयमध्ये (वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट) वाइन-ब्रूइंगचं एमएस्सी केलं. मालक लोकं जवळून बघायला मिळतात म्हणून लिहितो.

ताई, तुम्ही विचारलंय कशी आली. मला आजवर जे दिसलंय त्यात खूप कमी लोक द्राक्ष जास्त झाली म्हणून आले आणि टिकले. टिकलेले बरेचसे बाजाराच्या बाजूने किंवा बाहेरच्या जगाच्या बाजूने आलेत आणि मग बागेत उतरलेत. सुला वायनरीच्या राजीव सामंतांचं सगळ्यांना माहितीय, स्टॅनफर्डला शिकले, ओरॅकलमध्ये नोकरी केली, नव्वदच्या दशकात परत येऊन वडिलांच्या नाशिकजवळच्या जमिनीवर शेती करायला लागले. पण लगेच वाइन नाही. आधी आंबा, खाण्याची द्राक्षं असं करून बघितलं आणि मग कॅलिफोर्नियातल्या सोनोमाचे वाइनमेकर केरी डॅम्स्की यांना जोडीला घेतलं, सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां लावली, २००० साली पहिली वाइन बाजारात. कंपनीला आईच्या सुलभा या नावावरून सुला नाव दिलं. आता ती शेअर बाजारात लिस्टेड आहे, २०२२ च्या डिसेंबरपासून, म्हणून तिला घरची वायनरी म्हणता येणार नाही पण सुरुवात घरच्या रानातच झाली. सामंतांचं मला जे मोठं वाटतं ते म्हणजे २००५ ला काढलेली टेस्टिंग रूम. तोपर्यंत गंगापूरच्या बाजूला कोणी मुद्दाम वाइन चाखायला येईल असं इथे कोणाच्या मनात आलं नव्हतं.

पण तुमच्या घराशी जुळणारं उदाहरण मला नाशिकच्याच यॉर्क वायनरीचं वाटतं. गुरनानी कुटुंब. नाव कसलं इंग्लंडवरून वगैरे नाही, योगिता, रवी आणि कैलाश या तीन मुलांच्या नावांची इंग्रजी अक्षरं जोडून केलेलं. वडिलांनी वायनरी उभी केली, एक भाऊ रवी धंदा बघायचा आणि धाकटा कैलाश ऑस्ट्रेलियात ॲडलेडला जाऊन वाइन बनवायचं शिकून आला. म्हणजे घरातल्या घरात विकणारा वेगळा आणि बनवणारा वेगळा, आणि बनवणारा शिकलेला. २००८ पासून त्यांच्या वाइन आल्या, धरणाकाठी छोटी सुंदर जागा, लोक तिथेच येऊन घेऊन जायचे. २०२१ ला ती सुलात गेली. काही लोक म्हणतात बघा शेवटी विकली, पण मी तसं म्हणणार नाही, तेरा-चौदा वर्षं दोन भावांनी स्वतःच्या नावाची वाइन केली आणि आज कोणी मला नाशिकच्या चांगल्या रेड विचारल्या तर मी ते नाव घेतोच.

अजून निफाडला कुंदेवाडीत रेव्हेइलो आहे, यतीन पाटलांची. तिथे इटलीहून वाइनमेकर आणला होता आणि नेरो दाव्होला, ग्रिलो अशा सिसिलीच्या जाती आपल्या काळ्या मातीच्या तालुक्यात लावल्या, जे कोणीच करत नव्हतं. इगतपुरीकडे कावनईजवळ वालोने आहे, शैलेंद्र पै यांची, ते मुळात याच धंद्यात काम करून मग स्वतःचं काढलेले, आणि मुद्दाम लहानच ठेवलंय. कर्नाटकात ग्रोव्हर. कंवल ग्रोव्हर मशिनरीच्या आयातीच्या धंद्यातले, त्यासाठी फ्रान्सला जाणं-येणं, तिथे वाइनचं वेड लागलं आणि बंगळूरजवळ नंदी हिल्सच्या पायथ्याला बाग लावली. पुढे मिशेल रोलांसारखा फ्रान्समधल्या बोर्दोचा वाइनमधला मोठा माणूस सल्लागार म्हणून आणला. २०१२ ला ते नाशिकच्या झाम्पा वाइनवाल्यांबरोबर एक झाले.

आता भावासाठी एक तांत्रिक गोष्ट. एक्स्पोर्टचा रिजेक्ट माल वाइनला घालायचा विचार आजच सोडून द्यायचा. थॉमसनला गोडी आहे पण वास नाही, आंबटपणा लवकर जातो, आणि रिजेक्ट झालेला घड म्हणजे बहुतेक वेळा मणी तडकलेले नाहीतर कूज लागलेले. प्रेसमध्ये गेलं की ती कूज सगळ्या टाकीत उतरते. आमच्याकडे माल येतो तो पहाटे तोडलेला, वीस-वीस किलोच्या क्रेटमध्ये, ऊन चढायच्या आत. जानेवारीचा शेवट ते मार्च हा हंगाम. बागेत रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स (रसातली साखर) बघतात ते ठीक आहे पण आपल्या हवेत खरा घोळ पीएचचा, म्हणजे आंबटपणाचा असतो, मार्च लागला की दोन-तीन गरम दिवसांत साखर पळते आणि आंबटपणा उतरतो, मग सकाळी मोजलं आणि उद्या तोडू म्हटलं तर उद्या उशीर झालेला असतो. तेव्हा मालक, वाइनमेकर आणि बाग बघणारा एकाच घरातले किंवा एकमेकांचा शब्द न मोडणारे असतील तर निर्णय रात्रीत होतो. हा घरच्या वायनरीचा खरा फायदा आहे, मी दोन्हीकडे काम केलंय म्हणून ठामपणे सांगतो.

त्या सहा-सात आठवड्यांत झोप नसते. व्हाइटचा रस चौदा-सोळा डिग्रीला धरून ठेवायचा, त्यामुळे लाइट गेली की जनरेटर, जनरेटरचं डिझेल बघणारा माणूस वेगळा. रेडच्या टाकीत साली वर येऊन जाड थर धरतात, दिवसातून दोन-तीनदा खालचा रस पंपाने वर सोडून तो थर भिजवायचा, नाही भिजवला तर तो वाळतो आणि वाइन आंबते. हातपाय जांभळे, अंगाला यीस्टचा वास, आणि नेमकं त्याच वेळी तुमच्या घरी एक्स्पोर्टची पॅकिंग चालू असणार. एकाच घरातले हात दोन्हीकडे कसे पुरणार हा प्रश्न भावाला विचारा.

माळशिरसचा

आमच्या अकलूजचं कोणी सांगितलं नाही म्हणून मी सांगतो. फ्रातेल्ली वायनरी. सोलापूर जिल्हा म्हटलं की लोकांना ऊस आणि दुष्काळ आठवतो, आणि अकलूजचे मोहिते पाटील म्हटलं की साखर कारखाना आणि राजकारण. त्याच घरातल्या दोघांनी, रणजितसिंह आणि अर्जुनसिंह, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेक्की बंधू यांच्याबरोबर वायनरी काढली. तीन घरं, तिन्हीकडे भाऊ. जमीन आणि इथली माणसं मोहिते पाटलांकडे, बाजार सेखरींकडे, आणि वाइनची समज इटलीवाल्यांकडे. इटलीतल्या टस्कनीचे पिएरो मासी वाइनमेकर म्हणून आले. गारवाड, मोटेवाडी, निमगाव या आमच्या भागातल्या माळरानावर बागा उभ्या राहिल्या आणि सांजोवेसे ही टस्कनीची जात त्यांनी इथे लावली.

सुरुवातीला आमच्याकडे लोकांना पटत नव्हतं की या उन्हात वाइन होईल. मे महिन्यात इथे काय असतं ते सांगायला नको. पण द्राक्षाचं पीक आपण घेतो हिवाळ्यात, एप्रिलला खरड छाटणी करून काडी तयार करायची आणि पावसाळा संपता संपता फळछाटणी, मग घड भरतात ते थंडीत, दिवसा ऊन आणि रात्री गारवा. युरोपात उन्हाळ्यात जे होतं ते आपण थंडीत करतो. हे त्या इटलीच्या माणसाने इथे राहून समजून घेतलं, वर्षानुवर्षं येत-जात राहिले, नुसता कागदावर सल्ला देऊन गेले नाहीत. आमच्या गावच्या पोरांना त्यांच्याबरोबर काम करायला मिळालं, छाटणीतला एकेक डोळा मोजून ठेवायची शिस्त त्यांच्याकडून आली असं ती पोरं सांगतात.

तुमच्या भावाला माझा एवढाच सल्ला की एकट्याने सगळं करायचा हट्ट नको. मोहिते पाटलांसारख्या वजनदार घराने सुद्धा विकणारा आणि बनवणारा बाहेरून घेतला.

सॅक्रामेंटो_ते_सिन्नर

मी मूळचा सिन्नरचा, आता बरीच वर्षं कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला. इथून लोडाय नावाचं गाव तासाभराच्या आत आहे, द्राक्षाचंच गाव, तिथे गाडी लावून बागेच्या कडेने चाललं की मला आपला पिंपळगावचा रस्ता आठवतो. तुम्ही बाहेरच्यांचं पण विचारलंय म्हणून मोंडावी घराण्याचं सांगतो, कारण ते द्राक्षाच्या व्यापारातून वाइनमध्ये आलेलं घर आहे आणि त्यांच्या घरात जे झालं ते आपल्याकडे वाटणीच्या वेळी कुठल्याही घरात होऊ शकतं.

चेझारे मोंडावी हा इटलीतला गरीब घरचा माणूस, अमेरिकेत मिनेसोटाच्या खाणींच्या भागात येऊन राहिला. १९२० ला अमेरिकेत दारूबंदी आली. पण कायद्यात एक सवलत होती, घरी स्वतःपुरता फळांचा रस आंबवायला वर्षाला २०० गॅलनपर्यंत परवानगी. त्यामुळे तिथल्या इटालियन घरांना कॅलिफोर्नियाची द्राक्षं हवी होती. ती आणायला म्हणून चेझारे लोडायला आला आणि मग कुटुंबच इकडे आणलं, रेल्वेच्या वॅगन भरून द्राक्षं पूर्वेकडे पाठवायची हाच धंदा. पोरं सुट्टीत खोक्यांना खिळे ठोकायची. म्हणजे दारूबंदीच्या काळात द्राक्षाला मागणी वाढली आणि त्यावर हे घर उभं राहिलं. जाड सालीची, लांबच्या प्रवासात टिकणारी जात लोकांनी तेव्हा लावली, आपण एक्स्पोर्टला टिकवणक्षमता बघतो तसंच.

बंदी उठल्यावर वाइनमध्ये आले, १९४३ ला कॅलिफोर्नियातल्याच नापा भागातली चार्ल्स क्रुग ही जुनी बंद पडत आलेली वायनरी घेतली. मोठा मुलगा रॉबर्ट विकायचा आणि पीटर बनवायचा. वरती सगळ्यांनी विकणारा वेगळा आणि बनवणारा वेगळा हवा असं लिहिलंय ते अगदी खरं, पण या दोघांचं त्याच्यावरूनच बिनसलं. रॉबर्टला पैसा बाजारात आणि नवीन प्रयोगात घालायचा होता, पीटरला वाटायचं हा उधळतोय. वडील गेल्यानंतर १९६५ ला एका घरच्या समारंभात शब्दाने शब्द वाढून हाणामारीपर्यंत गेलं, आईने पीटरची बाजू घेतली, आणि पन्नाशी ओलांडलेल्या रॉबर्टला घरच्या वायनरीतून बाहेर पडावं लागलं. त्याने पुढच्याच वर्षी, १९६६ ला, त्याच रस्त्यावर स्वतःची काढली आणि जगभर नाव केलं. मग कोर्टकज्जे. शेवटी रॉबर्टची कंपनी शेअर बाजारात गेली आणि २००४ ला एका बड्या कंपनीने विकत घेतली, घराच्या हातातून गेली. पीटरची क्रुग मात्र आजही त्याच्याच मुला-नातवंडांकडे आहे. २००५ ला दोघा म्हाताऱ्या भावांनी चॅरिटीच्या लिलावासाठी एकत्र एक बॅरल वाइन केली, चाळीस वर्षांनी. मला ते वाचताना फार वाईट वाटलं होतं, इतकी वर्षं गेली दोघांची.

म्हणून ताई, अण्णा आणि तात्या दोघं आत्ता हयात आहेत, एका टेबलावर बसतात, तर कोणाचा किती हिस्सा, कोणाचा शब्द शेवटचा, वायनरीत तोटा झाला तर बाग तारण पडणार का, हे सगळं कागदावर आत्ताच घ्या. प्रेमात असतानाच लिहून घ्यायचं असतं. इटलीत आंतिनोरी म्हणून घराणं आहे, १३८५ पासून वाइनमध्ये, सव्वीस पिढ्या, आता तीन बहिणी बघतात. एवढं टिकायला नुसतं रक्ताचं नातं पुरत नाही.

हिशेबनीस

नाशिकमध्ये कर सल्लागार आहे, दोन-तीन छोट्या वायनऱ्यांचं काम बघतो. थोडक्यात आकडे, कारण प्रश्न विचारणारी व्यक्ती हिशेब बघणारी आहे.

वाइनच्या जातीचं दोन एकरात चांगल्या प्रतीसाठी धरायचं झालं तर एकरी चार-साडेचार टन, जास्त घेतलं की क्वालिटी जाते. म्हणजे साधारण नऊ टन. एका टनाला ६०० ते ७०० लिटर वाइन, म्हणजे नऊ टनाची सहा हजार लिटरच्या आत-बाहेर, बाटल्या झाल्या पावणेआठ-आठ हजार. ऐकायला खूप वाटतं, पण या आठ हजार बाटल्यांच्या मागे टाक्या, चिलर, प्रेस, लॅब, शिकलेला वाइनमेकर, एक्साइजची नोंदवही आणि बॉटलिंग एवढं सगळं उभं करायचंय. रेड असेल तर वर्ष-दोन वर्षं पैसा सेलरमध्ये झोपून राहतो आणि तेवढ्यात बागेचा पुढचा खर्च चालूच असतो. पीक कर्जाच्या चक्राची सवय असलेल्या घराला हे झेपवायला जड जातं.

दारूला जीएसटी नाही, प्रत्येक राज्याचा कर आणि नियम वेगळे. महाराष्ट्रातून गोव्यात किंवा दिल्लीत बाटली न्यायची तर तिथे लेबल वेगळं नोंदवायचं, त्याची फी वेगळी, आणि ती फी दहा पेट्या विका नाहीतर दहा हजार. छोट्यांचा जीव इथे जातो. जाहिरात करता येत नाही. महाराष्ट्रात २० टक्के व्हॅटमधले १६ टक्के परत मिळायची योजना आहे, चांगली आहे, पण तो परतावा मधली काही वर्षं अडकला होता आणि ज्यांनी तो धरून कर्जाचे हप्ते ठरवले त्यांचे हाल मी बघितलेत. तो पैसा कॅश फ्लोमध्ये धरूच नये. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला होता, छोट्यांना मोठी आशा लागली होती, विरोध झाला आणि तो अमलात आला नाही.

ज्यांचं बरं चाललंय त्यांचं बरंचसं दारातल्या विक्रीवर चाललंय. लोक येतात, बाग बघतात, चाखतात, जेवतात, चार बाटल्या गाडीत टाकतात. मधला कमिशनवाला नाही, उधारी नाही. दिंडोरी रस्त्याला तुमची जागा असेल तर हा मुद्दा द्राक्षाच्या जातीपेक्षा मोठा आहे.

कादवाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. भावाला सगळं वाचायला लावलं. रिजेक्ट मालाचा विषय त्याने स्वतःच सोडला. मोंडावींचं अण्णांना वाचून दाखवलं तर ते बराच वेळ बोलले नाहीत आणि मग तात्यांना फोन लावून रात्री जेवायला बोलावलं.

अजून एक विचारते. आजीचं काय करायचं? हा प्रश्न मला आकड्यांपेक्षा जड जातोय. ती दर वर्षी वारीला जायची, आता गुडघ्यांमुळे जमत नाही पण एकादशी चुकत नाही. तिच्या घरात दारू बनवायची म्हटल्यावर तिला काय वाटेल. कोणाच्या घरात असं झालंय का?

चिकूवाली

ताई, आमचं बोर्डी-घोलवडकडे, चिकूच्या वाड्या. आमच्या गावात सावे कुटुंबाची वायनरी आहे, प्रियंका सावे आणि त्यांचे पती, चिकूची आणि इतर फळांची वाइन करतात, फ्रुझांते नावाने. चिकू म्हणजे तोडला की तीन-चार दिवसांत विकायला हवा, नाहीतर वाडीत सडतो, त्यामुळे आमच्याकडे फळाचं काहीतरी होतंय म्हणून लोकांना त्याचं अप्रूप जास्त वाटलं आणि विरोध कमी झाला. तरी जुन्या माणसांना अवघड जातंच.

माझ्या माहेरी वाइन नाही पण ताडीवरून असाच वाद झाला होता. माझं प्रांजळ मत असं की आजीला पटवायचं वगैरे मनात धरू नका. तिचं व्रत तिचं आहे, ते तिने तुमच्यासाठी का मोडावं. पण तिला न सांगता करणं हा तिचा अपमान आहे, गावातून कळलं तर जास्त लागेल. नीट समोर बसून सांगा की असं असं करायचं चाललंय, घराच्या आवारात काही होणार नाही, जागा वेगळी, नाव पण देवाचं किंवा तिच्या नावाचं देणार नाही. माळकरी माणसं कडक असतात पण शेतीचं दुखणं त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. गारपीट, अवकाळी, व्यापारी पळून जाणं, हे सगळं तिने बघितलंय. ती नाही म्हणाली तर ते नाही पण ऐकून घ्यायचं, आणि मग थांबायचं की पुढे जायचं ते अण्णांनी ठरवायचं, तुम्ही पोरांनी नाही.

विंचूरवाला

चिकूवाल्या ताईंनी बरोबर सांगितलं. आमच्याकडे माझ्या चुलत्यांनी शिराझ लावली तेव्हा ते स्वतः माळकरी होते. ते म्हणायचे मी द्राक्ष पिकवतो, पुढचं घेणाऱ्याचं. पण स्वतःची वायनरी काढायचा विषय निघाला तेव्हा त्यांनी हात जोडले, नको म्हणाले, आणि आम्ही नाही काढली. घरात एक तरी माणूस असा असतो ज्याच्या मनाविरुद्ध काही उभं केलं तर ते लाभत नाही असं मला वाटतं, कोणाला पटो न पटो.

तळघर

ताई, भावाला एक मार्ग सुचवतो जो मी पोरांना नेहमी सांगतो. लगेच वायनरी नको. अर्धा-पाऊण एकर शेनिन ब्लां लावा, त्याआधी एखाद्या चालू वायनरीशी खरेदीचं लेखी बोलून घ्या, कलमं मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात विचारून खात्रीच्या ठिकाणची घ्या. बाग धरायला दोन-अडीच वर्षं जातात, तेवढ्या वेळात त्याने दोन हंगाम कुठल्यातरी सेलरमध्ये हाताखाली काम करावं, पगार मिळो न मिळो. वायनरीवाले हंगामात माणसं शोधतच असतात. काही वायनऱ्या आपल्या टाक्यांत दुसऱ्याचा माल ठरावीक पैसे घेऊन करून देतात, परवान्याचं काय ते हिशेबनीस साहेबांना विचारून तसं एखादं वर्ष करून बघा, स्वतःच्या लेबलच्या थोड्याच बाटल्या, आणि त्या विकून दाखवायचं काम भावाचं. विकल्या गेल्या तर टाक्यांचं बोला.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे व्हाइटचं क्रशिंग (द्राक्षं चिरडून रस काढणं) जोरात असतं. भावाला आणि अण्णांना दोघांनाही पाठवा, मला इथेच मेसेज करा, मालकांची परवानगी मी घेऊन ठेवतो. पहाटे साडेपाचला गेटवर यायचं, गाड्या तेव्हाच लागतात, आणि बंद बूट घालून या, खाली सगळं ओलं असतं. दुपारपर्यंत थांबायची तयारी ठेवा म्हणजे प्रेस रिकामा करून धुताना पण बघता येईल, जास्त काम तिथेच असतं.